आईच्या बदल्यात आई

अरुंधतीला आधी वाटलं, प्रोजेक्टरच वाकडा लागलाय. अंबडच्या मंगल कार्यालयात भिंतीवर पांढरी चादर ताणलेली होती. चादरीवर तिचे वडील उभे होते, काळा कोट घातलेले, आणि त्यांच्या शेजारी हाफपँटीतला तिचा दादा. दादाच्या खांद्यावर एक हात होता. बांगड्या भरलेला, बाईचा हात. त्या हाताची बाई मात्र चादरीच्या बाहेर राहिली होती.

पुढचा फोटो आला. घराचा ओटा, आरामखुर्चीत वडील. मूळ फोटोत खुर्चीमागं आई उभी होती आणि तिच्या कडेवर तान्ही अरुंधती. चादरीवर खुर्ची होती, वडील होते, बाकी मोकळी भिंत. तिसऱ्या फोटोला तिला कळलं, प्रोजेक्टर सरळच आहे.

तिला ते फोटो पाठ होते. गेला अख्खा हिवाळा तिनंच ते एकेक करून स्कॅन केले होते. तिचे वडील वामनराव अंबडला वकिली करत. हैदराबादहून आणलेला एक बॉक्स कॅमेरा हा त्यांचा एकुलता एक शौक. निगेटिव्ह वाळवीनं कधीच खाल्ल्या होत्या, पण नक्षीदार कडांचे छापील फोटो एका पत्र्याच्या पेटीत शाबूत होते आणि ती पेटी वडील गेल्यावर केशवदादानं आपल्या घरी नेली होती. जिल्हा परिषदेत सगळ्यांना कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा झाला, तेव्हा अरुंधतीला त्याची गोडी लागली. तिनं घरी मशीन घेतलं, स्कॅनर घेतला. दादाला घराण्याच्या स्नेहमेळाव्यात पडद्यावर जुने फोटो दाखवायचे होते. "तू शिकलीस ना ते सगळं, मंग करून दे," तो म्हणाला, आणि तिनं केलं. ऑफिसातून यायचं, चहा घ्यायचा आणि बसायचं. धूळ मऊ ब्रशनं झाडायची, काच पुसायची, फोटो उलटा ठेवायचा. आईचा चेहरा पडद्यावर वरून खाली उलगडत यायचा. भांग, मग कपाळ, मग डोळे.

आता दादा माइकवर होता. सिंचन खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला, बोलण्यात वजन असलेला माणूस. "आणि ह्या माझ्या मातोश्री, कैलासवासी उषाबाई," तो म्हणाला. चादरीवर दगडी पायऱ्यांवर बसलेली एक तरुण बाई आली. मांडीवर मूल, आणि कोणीतरी काहीतरी गमतीचं बोलल्यासारखं अर्धवट हसू. हा फोटो अख्खा होता. तो सगळ्यात जास्त वेळ राहिला. घनसावंगीहून, भोकरदनहून, परतूरहून आलेली भावकी गप्प बसून बघत होती.

उषाबाई गेल्या तेव्हा केशव चार वर्षांचाही नव्हता. पुढं वामनरावांनी भोकरदनच्या एका गरीब घरची प्रेमला करून आणली. अरुंधती तिची मुलगी. प्रेमलानं केशवला वाढवलं, त्याचे डबे केले, टायफॉइडमध्ये त्याच्या उशाशी बसली. केशवनं तिला जन्मभर हाक मारली नाही. आई नाही, काकू नाही, काहीच नाही. काही हवं असलं की तो तिच्या दिशेला बघून खाकरायचा. ती गेली त्या दिवशी तो स्मशानात फाटकाजवळ उभा राहिला आणि मीटिंग आहे म्हणून लवकर निघाला. अरुंधतीनं तेही गिळलं होतं.

जेवणाच्या पंगती बसत होत्या तेव्हा तिनं त्याला दारात गाठलं.

"दादा, आईला काढलं तुम्ही फोटोंतून."

"काढलं म्हणजे काय. पडद्यावर बसत न्हव्हतं सगळं. प्रोजेक्टरवाल्या पोरानं जरा कापून बराबर केलं."

"प्रत्येक फोटोत तीच बसत न्हव्हती?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. "हे बघ, हा कार्यक्रम घराण्याचा आहे."

"मंग ती कोणाच्या घराण्याची होती?"

"अरुंधती, लोक जेवून राह्यलेत. इथं तमाशा नको," तो म्हणाला आणि वाढप्याला मठ्ठा कुठं अडकला ते विचारायला गेला.

पुढच्या आठवड्यात ती त्याच्या जालन्यातल्या बंगल्यावर गेली. आईचे मूळ फोटो तेवढे मागून आणावेत, भांडण नको, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. पुष्पावहिनींनी दार उघडलं आणि तिचं येण्याचं कारण ऐकून त्या नुसत्याच आत बघत राहिल्या. केशव पेपर वाचत होता.

"जाळले ते," तो म्हणाला. "पेटीला वाळवी लागल्ती. कॉम्प्युटरमध्ये आलंय ना सगळं? मंग ते कुजकं घरात ठेवून दारं-खिडक्या खाऊ द्यायच्या का?"

"माझ्या आईचे मला द्यायचे होते."

"तुला वेगळे काढत बसू का मी? पालापाचोळा पेटवला होता, त्यातच टाकले, माझ्या आईचा पण." मग त्यानं पेपर खाली घेतला. "आणि तुझ्याकडं काही ठेवलं न्हाईस ना? घराण्याचे फोटो दहा ठिकाणी फिरलेले मला बिलकुल चालणार न्हाई. सगळ्या सीड्या दिल्यास?"

"दिल्या," अरुंधती म्हणाली.

खोटं तिच्या तोंडातून इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. सीड्यांचा एक जोड तिच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या मागं उभा होता. कोर्सच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ज्याची एकच प्रत आहे ते हरवलंच आहे असं धरून चाला. तिनं सवयीनं दुसरी प्रत केली होती. मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मनात आलं.

घरी येऊन तिनं आणखी एक जोड लिहिला, चांगल्या कंपनीच्या सीड्यांवर, सावकाश वेगानं. प्रत्येक सीडी ऑफिसातल्या मशीनवर घालून फाइली उघडताहेत का ते पाहिलं. वर कागद चिकटवला नाही. मधल्या पारदर्शक कड्यावर बारीक मार्करनं साल लिहिलं. मग रविवारी वडीगोद्रीला गेली. तिथं तुळजाबाई नावाची तिची वसतिगृहापासूनची मैत्रीण शाळेत शिकवत होती.

"एका घराला आग लागली तर दुसऱ्या घरात राहावं म्हणून," अरुंधती म्हणाली. "उन्हात ठेवू नको, आडव्या ठेवू नको."

"आहे काय यात?"

"माझी आई आहे. आणि दादाची पण."

तुळजाबाईनं तिच्याकडं पाहिलं, डबा घेतला आणि गव्हाच्या कोठीमागच्या फडताळात ठेवला.

दिवाळीत भाऊबीजेला अरुंधती नेहमीप्रमाणं दादाकडं गेली. ओवाळलं, ओवाळणी घेतली. चहा पिताना तिची नजर टीव्हीच्या शोकेसवर गेली. केशवच्या सीड्या तिथं मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर गणपतीच्या चित्राचा रंगीत कागद गोंदानं चिकटवलेला. खिडकी पश्चिमेची. दुपारचं ऊन बरोबर त्यांच्यावर पडत होतं. बाजूच्या टेबलावर कॉम्प्युटर. त्याची पिन सरळ भिंतीत, मध्ये ना स्टॅबिलायझर ना बॅटरी.

अरुंधतीला ठाऊक होतं, गोंद हळूहळू वरचा थर खातो आणि ऊन राहिलेलं काम करतं. जालन्याची लाइट दिवसातून किती वेळा जाते आणि परत येताना कसा झटका देते, हेही ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. दादा, यावरचे कागद काढा आणि अंधारात ठेवा.

"चहा गोड झालाय का?" पुष्पावहिनींनी विचारलं.

"बराबर आहे," ती म्हणाली आणि कप रिकामा केला.

त्यानंतर ती ज्या ज्या वेळी तिथं गेली, त्या त्या वेळी आधी शोकेसकडं बघायची. पहिल्या वर्षी गणपतीचा लाल रंग गुलाबी झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात कागदाच्या कडा उचलल्या. ती काही बोलली नाही. एखादं पीक वाढताना बघावं तसं ती बघत होती.

भारनियमनाच्या त्या कडक उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली आणि केशवचं मशीन सुरूच होईना. दुकानदारानं डिस्क काढून हलवून दाखवली. आतून टकटक आवाज येत होता. केशव ती घेऊन पुण्याला गेला. तिथल्या लोकांनी ठेवून घेतली, महिन्यानं परत दिली. मग त्यानं सीड्या काढल्या. पहिलीचा कागद ओढून काढताना त्याच्याबरोबर चंदेरी वर्खही निघून आला आणि हातात नुसतं पारदर्शक प्लास्टिक राहिलं. बाकीच्या मशीननं वाचल्याच नाहीत. फोटो दहा ठिकाणी फिरू नयेत म्हणून दुसऱ्या कोणाला त्यानं सीडी दिलीच नव्हती.

हे सगळं अरुंधतीला वहिनींकडून फोनवर कळलं. तिनं "अरेरे" म्हटलं.

केशव आषाढात आला. जुन्या जालन्यातल्या तिच्या दोन खोल्यांचा जिना तो कित्येक वर्षांनी चढला असेल. समोरच्या भिंतीवर प्रेमलाचा मोठा फोटो लावलेला होता. तो पाहून तो दारातच क्षणभर अडला. अरुंधतीनं खुर्ची मुद्दाम त्याच्या समोर ठेवली.

"नवा काढून घेतलास?" त्यानं विचारलं.

"होता एक माझ्या पेटीत," ती म्हणाली.

पाणी झालं, चहा झाला. त्यानं रुमालानं मान पुसली. "तुझ्याकडं काही राह्यलंय का? मशीनमध्ये, कुठं? चुकून."

"तुम्हीच म्हणाल्तात, काही ठेवू नको."

"म्हणाल्तो. तरी पण."

"न्हाई."

तो तळहाताकडं बघत म्हणाला, "आईचा तेवढा एकच फोटो होता."

"माझ्या आईचे तर पुष्कळ होते," अरुंधती म्हणाली.

तो उठला. तिनं गॅलरीतून पाहिलं, तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, खाली गेल्यावर चपलेत पाय घालायला त्याला वेळ लागला. तिच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. त्या संध्याकाळी तिनं स्वतःपुरती पुरणपोळी केली. जेवून झाल्यावर तिनं मशीन लावलं आणि उषाबाईंचा फोटो पडदाभर मोठा केला. बाई पायऱ्यांवर बसून हसत होती. "बसा इथंच," अरुंधती तिला म्हणाली.

श्रावणात पुष्पावहिनी एकट्याच आल्या. त्या फारशा बोलणाऱ्या नव्हत्या. पिशवीतून त्यांनी परसातले दोडके काढून ठेवले.

"वन्सं, ते जेवत न्हाईत नीट. म्हणतात, डोळे मिटले की आईचा चेहरा यायचा, आता येईना. फोटो बघूनच यायचा म्हणे तो. आपण होऊन त्यांना काहीच आठवत न्हाई."

अरुंधती दोडके सोलत राहिली. ही गोष्ट दादा स्वतः कधीच सांगणार नाही, हे तिला माहीत होतं. आता घाव नेमका कुठं बसला आहे तेही कळलं.

"आहे माझ्याकडं," ती म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. "ते येऊन गेले तेव्हा पण होता?"

"होता."

"मंग देता का?"

"न्हाई. त्यांना इथं येऊन बघावं लागल. दर रविवारी यावं. आधी माझ्या आईचे फोटो बघायचे, आणि प्रत्येक फोटोला तिच्याबद्दल काही तरी सांगायचं. मी जन्मायच्या आधीचं. खरं. मंग उषाबाईंचा दाखवीन."

"ते यायचे न्हाईत," वहिनी म्हणाल्या.

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, कोर्टात जावं तसा आला. अरुंधतीनं त्याला मशीनसमोर बसवलं आणि पहिला फोटो उघडला. अख्खा. काळ्या कोटातले वडील, हाफपँटीतला तो, आणि खांद्यावर हात ठेवलेली नवी नवरी.

"ही कोण?"

"प्रेमलाबाई."

"तुमची कोण?"

"अण्णांची दुसरी बायको."

"बरं. सांगा काही."

"काय सांगू?"

"काही पण."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "भोकरदनहून आली त्या दिवशी मी तिच्या चपला आडात टाकल्या. नव्या होत्या. तिच्या बापानं घेऊन दिल्या असतील."

"मंग?"

"मंग काही न्हाई. ती अनवाणीच फिरली. अण्णांनी विचारलं, तर म्हणाली, बसमध्ये राहिल्या."

आईची टाच तिला आठवली, भेगा पडलेली. ठरल्याप्रमाणं तिनं उषाबाईंचा फोटो उघडला. केशव पुढं वाकला. त्याचे ओठ किंचित उघडे होते. तिनं थोडा वेळ जाऊ दिला आणि बंद केला.

"इतकंच?"

"पुढच्या रविवारी."

असे रविवार होत गेले. तिला त्याची फजिती करायची होती, त्याच्या तोंडून आईचं नाव वदवून घ्यायचं होतं. ते होत होतं. पण त्याबरोबर दुसरंही काही होऊ लागलं. तो सांगत होता ती बाई अरुंधतीला माहीतच नव्हती. विहिरीवर कोणी नसताना पाण्यात पाय सोडून बसणारी. वांग्याचं भरीत लपवून दोनदा खाणारी. अण्णा तालुक्याला गेले की घरभर बेडकासारख्या उड्या मारून रडक्या पोराला हसवू पाहणारी. "मी हसलो न्हाई," केशव म्हणाला. "हसू येऊन राह्यलं होतं. दाबलं." आठवडाभर अरुंधती त्या एका गोष्टीवर जगायची. तो गेला की तोंडपाठ होईपर्यंत मनात घोळवायची. लिहून मात्र ठेवत नव्हती, कारण लिहिलं असतं तर त्याच्याकडून काही घेतल्यासारखं झालं असतं.

एका रविवारी त्यानं सांगितलं, की प्रेमलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. दुपारी अण्णा झोपले की ती पाटी घेऊन त्याच्याजवळ यायची, मला शिकव म्हणायची. त्यानं शिकवलं. मुद्दाम चुकीचं. म ला ग सांगितलं, न ला त. तिनं महिनाभर गिरवलं आणि माहेरी पहिलं पत्र लिहिलं. ते टाकायला दिलं तेव्हा अण्णांनी वाचून पाहिलं. घरात पाहुणे होते. अण्णांनी ते सगळ्यांना दाखवलं.

"हसले सगळे," केशव म्हणाला.

"आणि ती?"

"तिनं माझ्याकडं पाहिलं. बोलली न्हाई. परत कधी पाटी घेऊन आली न्हाई."

अरुंधतीला शाळेचं प्रगतिपुस्तक आठवलं. सही करायला आई ते घेऊन आत जायची, दार लोटायची. तिनं हात लांब करून मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"आईचा फोटो राह्यला," केशव म्हणाला.

"आज न्हाई."

"ठरलं होतं आपलं."

"ठरवणारी मी आहे. तुम्ही बारा वर्षांचे घोडे होतात तेव्हा."

"आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला. तो उभा राहिला होता, तिच्याकडं निरखून बघत होता. आयुष्यभर माणसांकडून कामं करून घेतलेला माणूस होता तो, समोरच्याला काय हवंय हे त्याला ओळखता यायचं. त्याला ते या क्षणी दिसलं असावं. आवाज एकदम शांत झाला.

"तुझ्या आधी तिला एक मुलगा झाल्ता," तो म्हणाला. "माहीत आहे तुला?"

अरुंधतीचा हात मॉनिटरच्या बटणावरच राहिला.

"मला वाटलंच. तिनं सांगितलं नसणार. अण्णांनी पण नाव काढू दिलं न्हाई. मी होतो तिथं. त्याचं काय झालं, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, ती काय म्हणाली मला, सगळं बराबर आठवतंय."

"सांगा," ती म्हणाली.

"फोटो दे. छापून, मोठा करून. घरी आणून दे. मंग सांगतो."

"आधी सांगा."

"न्हाई. ते काही तुझ्या सीडीत न्हाई, अरुंधती. कुठंच न्हाई. माझ्याकडंच आहे." त्यानं छत्री घेतली आणि जिना उतरून गेला. या वेळी कठडा धरला नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दसरा झाला. भाऊबीजेला ती गेली नाही, त्यानंही बोलावलं नाही. ती भोकरदनला आईच्या माहेरी जाऊन आली. तिथं मामाची सून होती, तिला काही ठाऊक नव्हतं. घनसावंगीतली जुनी माणसं संपली होती. अरुंधती रात्रंदिवस त्या मुलाचा विचार करत होती, आणि एक फोटो छापून दिला की तो मुलगा तिला मिळणार होता. स्टुडिओ कोपऱ्यावरच होता. पण आडातल्या चपला आठवल्या की ती थांबायची, पत्र आठवलं की थांबायची. त्यानंच यावं. त्यानं एकदा म्हणावं, चुकलं. मग देईन.

संक्रांतीनंतर तिनं फोटो छापून आणला, पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवला. फोन मात्र केला नाही. तिकडंही कोणी तरी असाच हट्ट धरून बसलंय, हे तिला माहीत होतं आणि त्याचं तिला एक प्रकारचं समाधानही होतं. तो तिच्यासारखाच होता.

फोन आला तो पुष्पावहिनींचा, दवाखान्यातून. सकाळी अंघोळीला गेले आणि पडले. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

अरुंधती पाकीट घेऊनच गेली. पंधरा दिवसांपूर्वीच छापून खणात ठेवला होता, असं तिनं वहिनींना दारातच सांगितलं. केशव उशीला टेकवून ठेवलेला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र स्वच्छ. तिनं पाकिटातून फोटो काढला आणि त्याच्या डाव्या हातात दिला. त्यानं पाहिला. पापणी न हलवता पाहत राहिला. त्याच्या गळ्यातून एक आवाज आला, आणि डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं.

"डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मानेनं हो-न्हाई करतात. सकाळी पाणी पाहिजे का विचारलं तर हो म्हणाले."

अरुंधती वाकली. "दादा, फोटो दिला मी. आता तो मुलगा. जगला होता का तो काही दिवस?"

केशवनं तिच्याकडं पाहिलं.

"नुसतं हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. आजारी होता का? आई होती ना त्याच्याजवळ?"

त्याची मान हलली नाही. त्यानं तो फोटो सावकाश छातीवर पालथा ठेवला, त्यावर तळहात ठेवला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"कळलं नसल त्यांना," अरुंधती म्हणाली.

"कळलं," पुष्पावहिनी म्हणाल्या. त्या चादर नीट करत होत्या, वर पाहिलं नाही. "ते सांगणार न्हाईत, वन्सं. तुमच्या खणात तो पंधरा दिवस पडून होता ना? ते पण इकडं रोज दाराकडं बघून राह्यले होते."

अरुंधती खुर्ची ओढून बसली.

उन्हाळ्यात केशवला घरी आणलं. दरम्यान अरुंधतीनं सगळ्या फोटोंच्या सीड्या केल्या आणि भावकीतल्या प्रत्येक घरी पोचवल्या, घनसावंगीपासून परतूरपर्यंत. त्यात एकही फोटो कापलेला नव्हता. उषाबाई होत्या, प्रेमला होती, आणि कोण कोण आहे ते प्रत्येकाखाली लिहिलेलं होतं. दहा ठिकाणी फिरू नयेत म्हणणाऱ्या माणसाच्या नाकावर टिच्चून तिनं ते केलं. एक सीडी तिनं त्याच्याही शोकेसमध्ये ठेवली, आतल्या अंधाऱ्या कप्प्यात, आणि त्याला ते दिसेल अशा बेतानं ठेवली. त्याचं तिला जे सुख व्हायला हवं होतं ते झालं, पण ते घरी पोचेपर्यंतही पुरलं नाही.

रविवारी आता ती त्याच्याकडं जाते. वहिनी चहा देतात आणि आत निघून जातात. उषाबाईंचा फोटो पलंगाशेजारी भिंतीला लावलेला आहे. अरुंधती खुर्ची जवळ घेते. आधी काही वेळ इकडचं तिकडचं सांगते, कपाशीचा भाव, ऑफिसातल्या बदल्या, तुळजाबाईचे गुडघे. तो ऐकतो. कधी कधी डाव्या कोपऱ्यानं हसतोसुद्धा. मग ती विचारते.

"दादा, नाव ठेवलं होतं का त्याचं?"

तो मान फिरवतो.

ती रिकामा कप घेऊन आत जाते, विसळून पालथा घालते, वहिनींना येते म्हणून सांगते आणि रिक्षा बघायला बाहेर येते. पुढच्या रविवारी परत जाते.